हौदाची झोप

पाणी झोपत नव्हतं. माझा नवरा गेल्यापासून एकदाही नीट झोपलं नव्हतं. चारचौघांत हे बोलले असते तर लोकांनी आधी मला खुर्चीत बसवलं असतं आणि मग हळूच एखाद्या डॉक्टरांचा नंबर दिला असता, म्हणून मी ते फक्त सासूबाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "त्यालाही लहानपणी झोप यायची नाही," एवढंच म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

झोपणं हा आमच्या प्रयोगशाळेतला रोजचा शब्द आहे. तळमजल्यावर एक लांबट दालन, खिडक्या काळ्या कागदाने बंद केलेल्या, आणि मधोमध लोखंडी चौकटीवर काचेचा हौद. कड छातीला लागेल इतका उंच, खोली हाताएवढी, वर काचेचंच झाकण. पाण्यात पांढरी भुकटी मिसळलेली असते, पिठाहून बारीक. वरून हिरव्या प्रकाशाचा पातळ पडदा सोडला की त्यात सापडलेला प्रत्येक कण चमकतो. मग आम्ही एक जाळी पाण्यातून ओढतो. पाणी खवळतं, आणि ते खवळणं कसकसं विरत जातं याचं चित्रण करतो. पुढची फेरी घ्यायची तर आधी सगळे कण जागच्या जागी उभे राहायला हवेत. तासभर एकही हलता कामा नये. तसं झालं की आम्ही म्हणतो, पाणी झोपलं.

ढवळलेलं पाणी शांत कसं होतं ते बघायचं, हे आमचं काम. माझ्या सख्ख्या भावाला तो अजूनही रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो, आणि त्याच्याशी यावरून मी अजूनही भांडते. पाण्यात हात फिरवला की हाताएवढा भोवरा उठतो. तो टिकत नाही. तो फुटतो, त्याचे लहान भोवरे होतात, आणि आपला सगळा जोर तो त्यांना देऊन टाकतो. ते त्यांच्याहून लहानांना देतात, ते आणखी लहानांना. घरात नाही का, मोठा मधल्यावर डाफरतो, मधला धाकट्यावर, आणि धाकटा जाऊन दार आपटतो. शेवटचे भोवरे इतके बारीक असतात की पाण्याचा चिकटपणा त्यांना फिरूच देत नाही. तिथे जोर संपतो. म्हणजे संपत नाही, त्याची ऊब होते. पाणी जरासं गरम होतं, इतकं जरासं की आमच्याकडच्या चांगल्यातल्या चांगल्या तापमापकालाही कळत नाही.

यातून एक नियम निघतो आणि तो मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले. लहान भोवऱ्यांना स्वतःचं आयुष्य नसतं. वरून कुणी पोसत नसेल तर ते बघता बघता मरतात. म्हणून शांत ठेवलेल्या पाण्यात बारीक भोवरे दिसतच राहिले, तर कुठेतरी त्यांना पोसणारा मोठा भोवरा आहे. आणि मोठा भोवरा आहे, म्हणजे कुणीतरी ढवळतंय.

हौद नवऱ्याने बांधला होता. काचा निवडण्यापासून कोपऱ्यांत लुकण भरण्यापर्यंत सगळं त्याने उभं राहून करून घेतलं, आणि बरंचसं स्वतःच्या हाताने केलं. प्रयोग आमचे दोघांचे असायचे. रोज सकाळी तो बाही खांद्यापर्यंत सरकवून हात पाण्यात घालायचा, रात्रभरात तळाशी बसलेली थोडीफार भुकटी उचलायला. अलीकडच्या काचेलगत हात तळातून वर आणायचा आणि पाणी वरच्या वर पलीकडे लोटायचा. एकदाच, सावकाश. त्यासाठी यंत्र होतं, ते तो वापरायचा नाही. "यंत्राला लाड करता येत नाहीत," म्हणायचा. विभागात त्याचं नाव ढवळ्या पडलं, मग माझं पवळ्या पडायला कितीसा वेळ? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं विभागप्रमुख आमच्या तोंडावर म्हणायचे. मी चिडायचे, आणि मी चिडले की नवरा खूश.

प्रयोग झाला, पाणी निजवायची वेळ आली, की तो सगळ्यांना हुसकून बाहेर काढायचा. "चला, चला. कुणी टक लावून बसलं तर झोप येते का कुणाला?" कॅमेरा चालू ठेवायचा, दार ओढायचा आणि आम्हाला चहाला न्यायचा. कँटीन समोरच्या इमारतीत. परत आलो की पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र ताडून बघायचं, कण हलले का. मला वाटायचं, चहाला याला काहीतरी निमित्त लागतं.

मागच्या उन्हाळ्यात तो त्याच इमारतीच्या जिन्यात पडला. हृदय. मी धावत पोचले तेव्हा दोन माणसं त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली होती आणि काही करण्यासारखं उरलं नव्हतं. उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सरकवलेली होती.

सगळे म्हणाले, सुट्टी घे. सुट्टी घेऊन मी काय करणार होते? त्याचे बूट बघत बसणार? मी कामावर गेले. सकाळी दालन उघडलं, प्रकाश सोडला. पाणी शांत होतं. मी स्टूल ओढला, पडदा नीट दिसावा म्हणून जरा तिरका लावला आणि काचेला नाक लागेल इतकी जवळ बसले. तास मोजायला कॅमेरा होता, पण उठून चहाला जायचं कुणाबरोबर? म्हणून बसूनच राहिले. थोड्या वेळाने कण हलले. आधी काचेजवळचे. एकामागून एक वर चढायला लागले, अगदी सावकाश, वर पोचले, वरच्या वर पलीकडे सरकले आणि तिकडे खाली उतरले. आणि त्या मोठ्या फेऱ्याच्या कडांना बारीक बारीक भोवरे सुटत होते, मिटत होते, पुन्हा सुटत होते.

अलीकडच्या काचेलगत तळातून वर, आणि वरच्या वर पलीकडे. तो हात मी ओळखला.

मी देवभोळी नाही. भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांशी मी लग्नाच्या पंगतीत भांडलेली बाई आहे. म्हणून मी पहिल्या दिवशी स्वतःला दटावलं आणि कारणं शोधायला लागले. शेजारच्या दालनातला पंप असेल, तो बंद करायला लावला. रस्त्यावरच्या ट्रकचे हादरे असतील, चौकटीखाली रबराच्या जाड गाद्या सरकवल्या. हवा थंड करणारं यंत्र बंद केलं. प्रकाशाने पाणी तापत असेल, म्हणून तो सतत न ठेवता अधूनमधून लुकलुकता केला. शेवटी हौदाला चहूबाजूंनी थर्माकोल बांधला. टोकाला कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं आणि अलीकडच्या बाजूला माझ्या स्टुलासमोर एक खिडकी. सकाळी पाणी शांत असायचं. मी बसायचे, आणि थोड्या वेळाने तो यायचा. जणू मी येऊन बसण्याचीच वाट बघत होता.

खरं सांगते, काही दिवसांनी मी कारणं शोधत असल्याचं नाटकच करत होते. दालनात आम्ही दोघंच. मी त्याला घरच्या गोष्टी सांगायचे. नळ गळतोय, तुझ्या आईचा चष्मा बदलला, भाऊ पुन्हा उलट बोलला. भीती वाटायची का? वाटायची. कधीकधी मानेवर काटा यायचा, कारण मी गप्प बसले, अगदी श्वास रोखून बसले, तरी तो काचेपाशी असायचाच. पण भीतीपेक्षा दुसऱ्या दिवशी तो नसला तर, याची धास्ती जास्त होती. घरात तो कुठेच नव्हता. त्याच्या उशीला साबणाचा वास यायला लागला होता. होता तो फक्त तिथे.

एक दिवस विभागप्रमुखांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. आधी चहा मागवला, मग पेन उघडझाप करत राहिले.

"मॅडम, इतके महिने झाले, एकही फेरी झालेली नाही."

"पाणी झोपत नाही."

"हो, तेच. नद्यांच्या गाळावर काम करणारा गट हौद मागतोय. पाणी झोपत असेल तर ते उचलायला तयार आहेत, जसाच्या तसा. झोपत नसेल तर..." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बांधणीतच काही खोट असेल. मग मोडीत काढावा लागेल. दालन रिकामं हवंय."

"त्याच्या बांधणीत खोट नाही!" मी इतकी ओरडले की बाहेरच्या बाईने आत डोकावून बघितलं.

"मग पाणी झोपवून दाखवा. महिनाअखेरपर्यंत."

असं माझं घोडं अडलं. हौद वाचवायचा तर पाणी झोपायला हवं होतं, आणि पाणी झोपलं म्हणजे तो गेला. त्याला ठेवायचं तर त्याने बांधलेला हौद माझ्या डोळ्यांदेखत फुटणार, आणि हौद फुटल्यावर तो तरी राहणार कुठे? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं.

आमच्याकडे लेसरचं काम बघणारी एक मुलगी आहे. सगळे तिला लेसरवालीच म्हणतात. शेजारच्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर बसून ती प्रकाश आणि कॅमेरा चालवते. शांत, कामसू, मला बरीच घाबरून असलेली. विभागप्रमुखांचं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही दिवसभर इथे बसता. त्यापेक्षा कॅमेरा चालू ठेवू या का? आधी सर ठेवायचे तसा?"

"मला डोळ्यांनी दिसतंय ते मी कॅमेऱ्याला विचारू?" मी म्हणाले. ती मुकाट्याने गेली. मी वाईट बोलले, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मला ताप आला. सकाळी नुसती कणकण होती, दुपारपर्यंत अंग भाजायला लागलं. घरी जायचं सोडून मी काचेपाशी बसून राहिले. काच गार होती, म्हणून गाल टेकला, दोन्ही तळहात टेकले. आणि पाणी कधी नव्हे इतकं जोरात फिरायला लागलं. कण काचेलगत धावत वर चढत होते. वर पोचून फुटत होते, भोवऱ्यांतून भोवरे निघत होते, सगळा हिरवा पडदा भरून गेला होता. इतक्या महिन्यांत मी तसं बघितलं नव्हतं. त्याला कळलं होतं. मी आजारी आहे हे त्याला कळलं होतं आणि तो घाबरला होता. मी काचेवर तोंड ठेवून म्हणाले, "बरी आहे मी. एवढं नको ढवळूस. दमशील." आणि मग मला उठताच येईना. लेसरवालीनेच मला गाडीत घालून घरी सोडलं.

मी अंथरुणाला खिळले. सासूबाई कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि मी तापात काय काय बोलायचे, ते ऐकून घ्यायच्या. पाणी कसं धावलं, ते मी सांगितलं. त्यांनी पट्टी पिळली. "कळलं असेल त्याला," म्हणाल्या. पिळलेली पट्टीच त्या पुन्हा पुन्हा पिळत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, विसरभोळेपणाने.

ताप उतरायच्या बेताला होता तेव्हा फोन वाजला. लेसरवाली होती, आनंदाने तिचा आवाज चढला होता.

"मॅडम, झोपलं!"

"काय झोपलं?"

"पाणी! काल झोपलं, आजही झोपलंय. मी पुन्हा पुन्हा ताडून बघितलं, एक कण हललेला नाही. विभागप्रमुखांना सांगू का?"

"खबरदार," मी म्हणाले आणि फोन ठेवला. भिंतीकडे तोंड करून पडले. मी आजारी पडले आणि हा निघून गेला. मला न सांगता. दुसऱ्यांदा.

अंगात त्राण आल्याबरोबर मी गेले. लेसरवाली दारातच भेटली, काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. मी तिला बाजूला सारलं. स्टूल ओढला, बसले, काचेला कपाळ लावलं. कण टांगल्यासारखे स्तब्ध होते. नुसती थांबले. आणि तो आला! काचेजवळचा एक कण हलला, मग दुसरा, वर, वरच्या वर पलीकडे. मला इतकं हायसं वाटलं की मी रडायलाच लागले. "ये, ये बघ," मी दाराकडे बघून ओरडले, "म्हणे झोपलं! डोळे फुटलेत का तुझे?"

ती आली, पण हौदाकडे बघितलंच नाही तिने. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, तुम्ही एकदा माझ्या खोलीत या. रागावू नका. एकदाच बघा."

तिच्या पडद्यावर कॅमेऱ्याने टिपलेलं होतं, हौदाच्या टोकाकडून. डाव्या हाताला अलीकडची काच, उजव्या हाताला पलीकडची, मध्ये हिरवा प्रकाश आणि त्यात थिजलेले कण. माझ्या गैरहजेरीतले दिवस. तिने ते भराभर पुढे नेले, तरी एकही कण जागचा हलेना. मग आजची सकाळ. डावीकडे काचेबाहेर एक सावली आली. वाकली. काचेला डोकं टेकून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या डोक्याला लागून, अगदी त्या डोक्याच्याच उंचीवर, पाणी जागं झालं. कण तिथून सुटले आणि वर निघाले.

सावली माझी होती.

तिने मला पाणी दिलं. मग कुजबुजल्यासारखं म्हणाली, "तुम्ही नसताना झोपलं, तेव्हा तापाच्या दिवशी जास्त का फिरलं ते माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आणि नसेल, तर... मला धाडस झालं नाही."

माणसाचं अंग गरम असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. काचेजवळ बसलं की काच उबदार होते, काचेला चिकटलेलं पाणी ऊब घेतं, हलकं होतं, वर चढतं. वर चढलं की त्याच्या जागी दुसरं येतं. हौदाएवढा मोठा भोवरा उठतो, तो लहानांना देतो, ते आणखी लहानांना. एरवी आम्ही जाळी ओढतो तेव्हा पाणी इतकं खवळलेलं असतं की बघणाऱ्याच्या उबेची काय पत्रास? म्हणून बघणाऱ्याला आम्ही कधी धरलंच नाही. पंप धरला, ट्रक धरले, दिवे धरले. सगळ्या बाजू थर्माकोलने बंद केल्या आणि मी बसते तेवढी जागा उघडी ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुपारभर मी तेच करत बसले. दाराशी जाऊन उभी राहायचे, पाणी झोपायचं. जवळ बसायचे, जागं व्हायचं. एकदाही चुकलं नाही. आणि तेव्हा मला त्याचं ते हुसकून लावणं आठवलं. चला, चला, कुणी टक लावून बसलं तर झोप येते का कुणाला? त्याला माहीत होतं का? माहीत असेल तर त्याने मला सांगितलं का नाही, आणि माहीत नसेल तर हा नियम त्याला सुचला कुठून? मी त्याच्यावर इतकी चिडले, इतकी चिडले की हौदाच्या चौकटीला लाथ मारली. अंगठा सुजला. इतके महिने मी माझ्याशीच बोलत होते. नळ गळतोय, हे मी मलाच सांगत होते.

विभागप्रमुखांना कळवायला एक ओळ पुरली असती, की पाणी झोपतं, बघणाऱ्याने दूर राहावं. ती ओळ माझ्याकडून लिहून होईना. उद्या लिहू म्हणून मी घरी गेले.

सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "आज झोपलं का?"

"झोपलं, आई."

त्यांचा भाजी निवडणारा हात थांबला. मग म्हणाल्या, "मला एकदा ने तिथे."

"तिथे आता काही नाही."

"असू दे. ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. दालनात पाऊल टाकल्यावर त्या अंधाराला बिचकल्या आणि त्यांनी माझा दंड धरला. मुलाच्या कामाची जागा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. हिरव्या प्रकाशात कण उभे होते, हजारो, एकही हलत नव्हता. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मागे, भिंतीला टेकून उभी राहिले.

"हे त्याने केलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

त्यांनी काच बोटांनी चाचपली, कोपऱ्यातलं लुकण चाचपलं. मग दोन्ही तळहात काचेवर ठेवले, उघडे, शेजारी शेजारी, आणि तसेच ठेवून बसल्या. मला माहीत होतं काय होणार. थांबवायला हवं होतं, पण मी भिंतीशीच उभी राहिले. त्यांच्या तळहातांलगतचे कण सुटले. वर निघाले.

"आला," त्या म्हणाल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "अगं, आला बघ. तू म्हणालीस तस्साच. बाळा..."

गप्प बसले असते तर त्या सुखाने घरी गेल्या असत्या. पण मग रोज म्हणाल्या असत्या, ने मला, आणि रोज मी नेलं असतं, आणि आम्ही दोघी त्या काचेला चिकटून म्हाताऱ्या झालो असतो. मी जवळ गेले.

"आई, ती तुमच्या हातांची ऊब आहे. तो नाही."

त्यांनी हात काढले नाहीत. पाण्याकडेच बघत राहिल्या.

"माझी?"

"तुमची. मी बसले की माझी. इतके दिवस मला कळलं नाही."

"आणि हात काढला की थांबेल?"

"लगेच नाही. आत्ता एक मोठा भोवरा आहे. तो लहानांना देईल, ते त्यांच्याहून लहानांना. अगदी शेवटी पुन्हा ऊब होईल."

"म्हणजे जाणार नाही."

"जाणार नाही, आई. पण सापडणारही नाही."

त्या हसल्या की रडल्या, अंधारात मला नीट दिसलं नाही. त्यांनी हात काढले. काचेवर दोन ओलसर ठसे उमटले होते, ते त्यांनी रुमालाने पुसून टाकले. मग गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या. मला सवय लागलेली. त्या उठल्याबरोबर मी स्टूल पुढे ओढला. पाणी झोपतंय का बघायचं होतं, शेवटचं.

त्यांनी माझं कोपर धरलं. "चल आता. कुणी टक लावून बसलं तर झोप येते का कुणाला?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. "आई, हे तो म्हणायचा."

"तो कुठला म्हणतोय! मी म्हणायचे. त्याचे वडील पाळण्यापासून हलायचे नाहीत. पोर झोपायला आलं की वाकून बघायचे, आणि ते डोळे उघडायचं. रोज हाताला धरून बाहेर काढायला लागायचं." मग एकदम थांबल्या. "इथेही म्हणायचा?"

"रोज."

माझं कोपर त्यांनी घट्ट धरलं होतं, दुखेल इतकं. आम्ही बाहेर आलो. मी दार ओढून घेतलं. बाहेर ऊन होतं, आणि त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "इथे चहा कुठे मिळतो?"

मी त्यांना समोरच्या इमारतीत नेलं, त्याच्याच टेबलावर. चहा गरम होता. त्या सावकाश पीत राहिल्या, आणि मी विभागप्रमुखांना लिहायची ती एक ओळ मनातल्या मनात गिरवत बसले. कप रिकामे झाले तरी उठलो नाही. तासाभराने लेसरवालीचा फोन आला. "मॅडम, एकही कण हललेला नाही."

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं.

"तो झोपला, आई."

मग मी रडले. भर कँटीनमध्ये, लोकांसमोर. त्यांनी रडू दिलं.